मदत हवी आहे: घरून ट्रेडिंग करायला सोलापुरात कुठला भाग बरा?

नमस्कार मंडळी. नोकरी सोडून घरूनच शेअर बाजारात ट्रेडिंग करतो, सध्या नवी पेठेजवळ भाड्याने राहतो. ९:१५ ते ३:३० बाजार चालू असताना लाईट गेली की जीव टांगणीला. परवा इन्व्हर्टरवर राउटर चालू होता, पण फायबरच बंद पडलं; सौदा मोबाईलवरून कापावा लागला. सगळे म्हणतात पुण्याला जा. पण तिथलं भाडं तोट्याच्या महिन्यातही द्यावंच लागणार ना!

जुळे सोलापूर, होटगी रोड की विजापूर रोड, कुठे दोन वेगळ्या कंपन्यांचं फायबर मिळतं? दुपारी लाईट किती वेळा जाते? गच्चीखालचा मजला नको, मे महिन्यात कॉम्प्युटरआधी मीच बंद पडेन. आणि पाणी किती दिवसांआड येतं? आईचा पहिला प्रश्न तोच आहे.