दारातला सौदा नेहमी तोट्याचाच?

छोटा पशुपालक दारात आलेल्या व्यापाऱ्याला जनावर देऊन टाकतो ते बाजारभाव माहीत नसतो म्हणून, हे मला निम्मंच पटतं. भाव माहीत असूनही दारातच विकणारे पुष्कळ असतात. मांसासाठी पोसलेली दोनच जनावरं न्यायची, तर गाडीभाडं, बाजाराची फी आणि बुडालेला दिवस त्या दोघांवरच पडतो. वीस नेणाऱ्याला तोच खर्च किरकोळ. वाटेत वजनही घटतं. आधी पोटातला चारा-पाणी कमी होतो, प्रवास आणि उपास लांबला की अंगचं मांसही उतरतं. आणि भाव पडलेला निघाला तर परतीचं भाडं वेगळंच. दारातल्या व्यापाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो घाई करत नाही.

कत्तलखान्याला थेट दिलं तर मधला माणूस वाचतो खरा, पण त्यांना एकसारखा माल ठरल्या वेळी लागतो, आणि पैसे पुष्कळदा मागाहून मिळतात. घरात अडचण आली म्हणून विकणाऱ्याला रोख आज हवी असते.

खरी मेख वजनात आहे. व्यापारी रोज जनावरं जोखतो, मालक वर्षातून एकदा. काटा नसेल तर निदान टेप लावा: छातीच्या घेराचा वर्ग गुणिले खांद्यापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंतची लांबी (दोन्ही सेंमीत), भागिले १०,८४०. घेर १५०, लांबी १२० असेल तर साधारण २४९ किलो. अंदाजच आहे, पण नुसत्या नजरेपेक्षा बरा.