अनुभव धागा: गाजलेल्या माणसांच्या पडझडीच्या कहाण्या वाचून हाती काय लागलं?

दारू, गोळ्या, मारझोड, मोडलेले संसार. नटनट्या आणि खेळाडू आपल्या वाईट दिवसांवर पुस्तकं लिहितात आणि ती धडाधड खपतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, आणि पलीकडचे चंदगडवालेही, तुम्ही असलं काय वाचलंत? कुठं मिळालं? शेवटपर्यंत वाचता आलं का? परीक्षण नको, अनुभव सांगा. भाषा मराठी, कन्नड, इंग्रजी कुठलीही चालेल.

शहापूर, निवृत्त शिक्षिका

हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’. आमच्या सासूबाई ते कपाटात साड्यांच्या खाली ठेवायच्या. मीही तिथूनच काढून वाचलं आणि तिथंच ठेवलं, दोघींनी कधी विषय काढला नाही. आधी ‘माणूस’ साप्ताहिकात आलं, 1970 साली पुस्तक झालं. त्या काळात नटीनं स्वतःच्या पिण्याबद्दल आणि आयुष्यात आलेल्या पुरुषांबद्दल छापून आणायचं म्हणजे काय धाडस, हे आजच्या मुलींना सांगून कळायचं नाही. घर सोडून ज्याच्याबरोबर गेली त्याच्याच गावात ती अडकून पडली. हे सांगतानासुद्धा सूर चढत नाही, कुणाची कीव मागत नाही. एवढंसं पुस्तक आहे. त्यावरचा ‘भूमिका’ सिनेमा नंतर पाहिला. स्मिता पाटील आवडलीच, पण पुस्तकातली बाई जास्त रोखठोक आहे. माझ्या मते असलं वाचायचं तर सुरुवात इथून करावी, आणि इथंच थांबलात तरी फार काही चुकणार नाही.

खानापूर, किराणा दुकान

मी वाचत नाही. ‘उपरा’ आणि ‘बलुतं’ वाचल्यावर बंगल्यात बसून केलेलं दुःख पचत नाही. दया पवारांना लोक ओळखायला लागले ते पुस्तकामुळं. हे लोक आधीच ओळखीचे, वर पुस्तक. फरक हाय की नाही?

टिळकवाडी, क्रीडाशिक्षक

फरक आहे, पण एक ऐका. आमच्या काकांची केमो चालू होती तेव्हा मी त्यांना लान्स आर्मस्ट्राँगचं आत्मचरित्र वाचून दाखवायचो, इंग्रजीतून लगेच मराठी करत. 1996 मध्ये त्याला वृषणाचा कर्करोग निघाला, तोवर तो फुप्फुसात आणि मेंदूत पोचला होता. त्यातून उठून त्यानं 1999 ला टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत मारली. काका सायकलीच्या पानांना झोपी जायचे आणि दवाखान्याच्या पानांना जागे व्हायचे. उलट्या, केस, नर्सबरोबरच्या गप्पा, हे सगळं त्यांना पाहिजे असायचं.

मग 2012 मध्ये त्याची टूरची सातही विजेतेपदं काढून घेतली. पुढच्या जानेवारीत टीव्हीवर त्यानं उत्तेजकं घेतल्याचं कबूल केलं. मी भडकलो होतो. काका तेव्हा ठणठणीत होते, अंगणात शेंगा निवडत बसलेले. म्हणाले, “सायकलीचं खोटं असू दे की. सलाईनचं खोटं हाय काय?”

मला अजून ते पुस्तक पुन्हा उघडावंसं वाटत नाही. काकांनी मात्र ते शेजारच्या पेशंटला देऊन टाकलं.

निपाणी, सध्या पुण्यात आयटीत

भाऊ पितो, म्हणून मी मॅथ्यू पेरीचं पुस्तक घेतलं. ‘फ्रेंड्स’ मालिकेतला चँडलर. गप्पांची, शेऱ्यांची पानं मी उडवली, प्रेमप्रकरणंही. पण एका ठिकाणी थांबले. एका काळात तो दिवसाला व्हायकोडिन या वेदनाशामकाच्या 55 गोळ्या खात होता, आणि विक्रीला काढलेली घरं बघायला म्हणून जाऊन तिथल्या न्हाणीघरातल्या कपाटांतून गोळ्या चोरायचा. एवढा पैसा असलेला माणूस! ते वाचलं आणि घरी आबांच्या झोपेच्या गोळ्या अधूनमधून कमी का भरतात, त्याचा उलगडा झाला. आई अजून म्हणते, आबाच विसरतात.

पुस्तक 2022 च्या नोव्हेंबरात आलं, 2023 च्या ऑक्टोबरात तो गेला. पुस्तकाच्या शेवटी तो सावरलेला आहे. तेवढा शेवट मी भावाला वाचायला दिला होता.

चंदगड तालुका, वाचक

आमच्याकडं माधवी देसाईंचं ‘नाच गं घुमा’ लोकांनी वाचलं ते कोवाडच्या वाड्यात काय चाललं होतं, एवढ्याचसाठी. खोटं कशाला बोलू. ‘स्वामी’ लिहिणाऱ्या रणजित देसाईंच्या घरातली गोष्ट, ती पण बायकोनं सांगितलेली. गावातले लोक पान उघडून हा कोण, तो कोण असं बोट ठेवत वाचायचे. संसाराची एक बाजू त्यात आहे, दुसरी नाही, हे धरूनच वाचावं लागतं. पण कुतूहलानं उघडलेलं पुस्तक मी पुढं वेगळ्या कारणासाठी संपवलं: मोठ्या माणसाच्या घरात बाईला बसायला स्वतःची जागा किती, हे त्यात दिसतं.

खडेबाजार, छपाई आणि डीटीपी

आमच्याकडं आत्मचरित्रं टाइप करायला येतात. पुढारी, संस्थाचालक, निवृत्त साहेब. बसल्याबसल्या पहिलं वाक्य काय असतं सांगू? “हे हे घालायचं नाही.” मजकूर मागाहून येतो, गाळायची यादी आधी. त्यामुळं कुठलंही हातात घेतलं की मी आधी लिहिलंय कुणी ते बघतो. हंसाबाईंचं शब्दांकन अरुण साधूंचं, ते उघड आहे. आंद्रे आगासीचं ‘ओपन’ जे. आर. मोह्रिंगर या पत्रकारानं लिहिलं, पण मुखपृष्ठावर त्याचं नाव नाही, त्यानंच नको म्हटलं. पुढं प्रिन्स हॅरीचंही त्यानंच लिहिलं. आगासी सरळ सांगतो की मला टेनिसचा तिटकारा होता. 1997 मध्ये चाचणीत अमली पदार्थ सापडल्यावर खोटं बोलून सुटलो, हेही सांगतो. हे त्यानं गाळलं असतं तर कुणाला कळलं असतं? म्हणून ते माझ्या फळीवर आहे. राजपुत्राचं अर्ध्यात सोडलं, त्यात बहुतेक चुका दुसऱ्यांच्याच.

खानापूर, किराणा दुकान

आगासीचं मराठीत असेल तर सांगा. बंगलेवाल्यांबद्दलचं मत तेच हाय हां.

अनगोळ, व्यसनमुक्ती समुपदेशक

एक अडचण मांडते. उपचाराला आलेल्या पोरांच्या हातात असली पुस्तकं मी देत नाही. पार्ट्या, गाड्या, पहिली नशा असलेली पानं ती दोनदा वाचतात, आणि उलट्या सुरू झाल्या की पुस्तक मिटतात. वर म्हणतात, “बघा, एवढं करूनपण तो सुपरस्टारच की.” घसरूनही ज्यांचं नाव राहिलं त्यांचीच पुस्तकं निघतात. आमच्या गल्लीतला जो घसरला त्याचं कोण काढणार?

बायकांना आणि आयांना मात्र देते. नवरा दहाव्यांदा “आता शेवटचं” म्हणतो तेव्हा तो आपल्याला फसवतोय की स्वतःला, हा प्रश्न त्यांना रोज पडतो, आणि पेरीच्या पुस्तकात त्यावर बरंच आहे. निपाणीच्या ताई, आबांच्या गोळ्या कुलपात ठेवा आणि किल्ली आईकडं देऊ नका.