गॅरेजमध्ये सुतारकाम शिकायचंय, आधी काय घेऊ?

मानेवाडाकर: भाऊ लोकं, घरचं गॅरेज 10 बाय 16 चं आहे, बजेट 15 हजार. आधी टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेवरची गोल करवत) घेऊ का?

रंधेवाला: टेबल सॉ आत्ताच काहून भाऊ? हातकरवत, काटकोन पाहायचा गुण्या, लाकूड कोरायच्या दोन पटाश्या, तासायचा रंधा, लाकूड घट्ट धरायचे चार क्लॅम्प घ्या, अन् 1000 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाचा बारीकपणा) धारेचा दगड तर पाहिजेच, कारण नव्या पटाशीला कामाची धार नसतेच, 25 अंशात घासून, पाठ आरशासारखी करून मनगटावरचे केस निघाले का मग ती सागात लोण्यासारखी शिरते.

लकडगंजजवळचा: लाकूड नागपूरच्या लकडगंजातल्या लाकूडबाजारातून आणा, पण शिकायला चंद्रपुरी साग नका घेऊ, महाग पडते, पाइनचं मऊ लाकूड घ्या. अन् मे महिन्यातली कोरडी फळी पावसाळ्यात फुगते बरं, माझा ड्रॉवर जुलैत असा अडकला का उघडेच ना, म्हणून ड्रॉवरच्या बाजूनं थोडी फट सोडाच.

मानेवाडाकर: अन् बेंच किती उंच?

रंधेवाला: सरळ उभं राहून हात खाली सोडा, मनगटाइतका. रंधा मारताना कंबर दुखत नाही.

लकडगंजजवळचा: शटर उघडं ठेवा अन् मास्क लावाच, सागाचा भुसा लय झोंबते नाकाले.