यूएक्स, कोड, चित्र: तिन्ही करणारा कशातच धड नसतो?

खारदांडा:
काल करिअर-सल्ल्याच्या धाग्यावर कोथरूडकरांनी लिहिलं की, बायोडेटात यूएक्स डिझाइन (ॲप वापरणाऱ्याला सोपं जावं अशी आखणी), वेब डेव्हलपमेंट आणि इलस्ट्रेशन असं तिन्ही दिसलं की ते अर्ज बाजूला ठेवतात. कारण काय, तर 'एक ना धड, भाराभर चिंध्या'. खाली नव्या मुलांनी धडाधड अंगठे दिलेत, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

मी मुंबईच्या जेजे अप्लाइड आर्ट कॉलेजची. आधी पुस्तकांची मुखपृष्ठं केली, पोटासाठी एचटीएमएल-सीएसएस (वेबपानांचा कोड) शिकले, यूएक्समध्ये नंतर आले. मध्यंतरी एका पतसंस्थेच्या ॲपचं मराठी रूप माझ्याकडे तपासायला आलं. इंग्रजी मथळ्यांना डिझायनरने ऐटीत लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर, दिलेलं. तेच मराठीला लागलं आणि प्रत्येक शब्दाची शिरोरेषा तुटली. बटणाची लाइन-हाइट (ओळीची उंची) इतकी आवळलेली आणि वर ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचं लपवायचं), की 'पुढे'चा उकार कापला जाऊन 'पढे' झालं होतं! डिझायनर म्हणाला, माझ्या फाइलीत बरोबर आहे. डेव्हलपर म्हणाला, फाइलीत होतं तसंच केलं. चित्रकाराला मजकूर कुणी दाखवलाच नव्हता. तिघेही आपापल्या कामात निष्णात. अक्षर हातानं काढलेला आणि सीएसएस स्वतः लिहिणारा माणूस ही चूक पहिल्या दिवशी पकडतो. असा माणूस तुम्हाला चिंधी वाटतो?

कोथरूडकर:
उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. तिथे मराठी वाचणारा एक टेस्टर हवा होता, तीन डोक्यांचा डिझायनर नव्हे.

माझ्याकडे येणाऱ्या अर्जांत गोंडस चित्रं असतात, रंगीत चिकटचिठ्ठ्यांचे फोटो असतात, पर्सोना (वापरणाऱ्यांची काल्पनिक व्यक्तिचित्रं) असतात. 'वापरणाऱ्या किती जणांशी बोललात?' असं विचारलं की शांतता. सोलापूर जिल्ह्यात एका कृषी सेवा केंद्रात आमची रिसर्चर दिवसभर बसून होती. दुकानदार सगळी उधारी वहीत लिहायचा आणि रात्री घरी जाऊन ॲपमध्ये भरायचा. दुकानात रेंज नव्हती, ओटीपी यायचाच नाही. तिला चित्र काढता येत नाही, कोडची एक ओळ येत नाही. पण काउंटरमागे गप्प बसून बघायचं कसं, ते येतं. तिन्हीकडे हात मारणाऱ्याला हे कधी जमायचं?

तीन_हुद्दे_एक_पगार:
दोघंही मुद्दा सोडून बोलताय. जाहिराती बघा: 'यूएक्स डिझायनर पाहिजे. फिग्मा, रिॲक्ट, इलस्ट्रेशन आवश्यक. व्हिडिओ एडिटिंग येत असल्यास प्राधान्य.' पगार एकाचाच. आमच्याकडची इलस्ट्रेटर गेली, तिच्या जागी कुणी घेतलं नाही, तिचं काम माझ्या गळ्यात आलं. आता वर सांगतात, एआयकडून चित्रं काढून घे. परवा नऊवारीतली आजी मागितली, तर काष्ट्याचा पत्ता नाही, पदर कुठून निघतो आणि कुठे जातो ते कळत नाही. तेच चित्र ॲपमध्ये गेलंय. खारदांडाताई, तुमचं हे कौतुक मालकांच्या हातात कोलीत देतंय.

वेलांटी:
मला त्या तुटलेल्या शिरोरेषेवर बोलायचंय, कारण तो अपघात नाही, बेपर्वाई आहे. देवनागरीला लेटर-स्पेसिंग द्यायचं नाही आणि लाइन-हाइट रोमनपेक्षा सैल ठेवायची, ही पहिल्या धड्यातली गोष्ट आहे. सुलेखनकार र. कृ. जोशींनी विंडोजसाठी 'मंगल' हा फाँट केला, त्याला दोन दशकं होऊन गेली. 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' फाँट फुकट मिळतो, वजनंही (जाड-बारीक रूपं) भरपूर आहेत. तरी वेब डेव्हलपर मंडळींना आपली लिपी म्हणजे शेवटच्या दिवशी चिकटवायची पट्टी वाटते.

रात्रपाळी:
डेव्हलपर मंडळी?! फाइल इंग्रजीत येते. मराठी मजकूर येतो रिलीजच्या आदल्या रात्री, तोही श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप केलेला. तो पेस्ट केला की पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. मग आधी कन्व्हर्टर शोधा, मग त्यातून सुटलेले रफार हाताने लावत बसा. यात लिपीची बेपर्वाई कुणाची? युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरसंकेतांची पद्धत, येऊन जमाना झाला, तरी डीटीपीवाले आणि त्यांची भलामण करणारे तुम्ही अक्षरप्रेमी अजून जुन्या फाँटांना कवटाळून आहात. मराठीपुरतं लेटर-स्पेसिंग शून्य करणं हे एका ओळीचं काम आहे, कुणी वेळेत सांगितलं तर.

वेलांटी:
मी डीटीपीवाली नाही आणि कुणाची भलामणही केलेली नाही. त्या फाँटांत पुस्तकं, मासिकं, लग्नपत्रिका छापल्या गेल्या तेव्हा युनिकोडमध्ये जोडाक्षरं धड दिसत नव्हती. छापखान्यातला माणूस पर्याय नव्हता म्हणून ते वापरत होता. आणि सांगायचं कुणी? तुमचं मराठी तुम्हाला दिसत नाही का?

रात्रपाळी:
दिसतं. रात्री दोन वाजता दिसतं, तेव्हा बदलायची परवानगी नसते. मी तिकीट (चुकीची लेखी नोंद) टाकलं होतं, 'किरकोळ' म्हणून बंद केलं गेलं. तुमच्या अक्षरांसाठी भांडलेला माणूस मीच आहे आणि बोलणी मलाच.

वेलांटी:
तिकीट टाकलं असेल तर तुम्हाला उद्देशून बोलले ते मागे घेते. 'किरकोळ' ठरवणाऱ्याबद्दलचं मत कायम.

खारदांडा:
रात्रपाळी, तुमचं तिकीट हाच माझा मुद्दा आहे. चूक दिसणारा एक, बदलायचा अधिकार दुसऱ्याला, आणि 'किरकोळ' म्हणणारा तिसराच. मी जिथे तिन्ही करते तिथे तिकीट लागत नाही, मी उकारासाठी जागा सोडूनच बटण आखते. आयकॉनचंही तसंच. चोवीस पिक्सेलच्या चौकटीत रुपयाचं चिन्ह बसवताना वरच्या दोन आडव्या रेघांमधली फट बुजते. ती कागदावर कळत नाही, स्वस्त फोनवर कळते. मग मी एसव्हीजी (आयकॉनची फाइल) उघडून रेघ अर्धा पिक्सेल सरकवते. हे दुसऱ्याला मेलवर समजावत बसले तर आठवडा जातो.

कोथरूडकर, तुमच्या रिसर्चरचं काम मला येत नाही, ते मी करतही नाही. पण तिने आणलेली गोष्ट पडद्यावर उतरवायला कुणीतरी लागतंच ना?

हुद्देकाका, पगाराचं मान्य. नोकरीत मलाही तेच भोगावं लागलं, म्हणून नोकरी सोडली. आता चित्रांचं बिल वेगळं लावते आणि वापर कुठे, किती काळ, ते करारात लिहून घेते. पण मालक लुबाडतो म्हणून मुलांनी शिकूच नये, हे मला पटत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली, हात असलेली किती मुलं इंजिनिअरिंगला ढकलली जातात! त्यांना कोड आणि चित्र एकत्र वापरता येईल असं हे एकच क्षेत्र मला दिसतं. तिथेही तुम्ही दार लावताय.

कोथरूडकर:
दार लावत नाही. अर्ज बाजूला ठेवतो म्हणालो, कारण दिवसाला ढीग येतो. ठीक आहे, यापुढे तिन्ही लिहिलेला अर्ज उघडेन. पण लिंक चालू असलेल्या कामाची हवी आणि कुठलं काम स्वतःचं ते स्पष्ट लिहिलेलं हवं. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं सुंदर चित्र बघून मी कुणाला घेणार नाही. आणि फ्रेशरने तिन्ही लिहिलं तर माझा संशय कायम राहणार. त्यातलं एक तरी खोलवर केलेलं दाखवा.

तीन_हुद्दे_एक_पगार:
खोलवर करायला वेळ कुठून आणायचा, तेवढं सांगा. इथे सकाळी वायरफ्रेम (पडद्याचा कच्चा आराखडा), दुपारी बग, संध्याकाळी दिवाळीचं बॅनर. आणि काका नका म्हणू, तिशी नाही ओलांडली अजून. ताई, तुम्हाला नोकरी सोडता आली. माझ्या डोक्यावर घराचा हप्ता आहे. तरी त्या करारातलं वापराचं कलम नावं काढून इथे टाका. बाहेरची कामं घेतो तेव्हा लागेल.

रात्रपाळी:
मलाही. आणि वेलांटी, 'मुक्ता'ला मथळ्यासाठी लाइन-हाइट किती ठेवता? सोमवारी परत तिकीट टाकतोय.