मदत हवी आहे : लॅपटॉपवर आइन्स्टाइन ॲट होम, वीज आणि खारी हवा

मालवणात बीएस्सी फिजिक्सला आहे. बॉइंकवर (घरच्या कॉम्प्युटरची ताकद संशोधनाला देणारं सॉफ्टवेअर) आइन्स्टाइन ॲट होम हा प्रकल्प चालवतेय. लायगो वेधशाळेच्या डेटात न्यूट्रॉन ताऱ्यांच्या अखंड गुरुत्वीय लहरी शोधायच्या! २०१० मध्ये अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या डेटातून घरगुती कॉम्प्युटरांनी एक पल्सार (ठरावीक अंतराने स्पंद देणारा न्यूट्रॉन तारा) शोधला, तो याच प्रकल्पात.

लॅपटॉप ४ कोअरचा. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जायचा, मग टास्क (प्रकल्पाने दिलेलं काम) थांबून मेमरीतून निघायचा आणि शेवटच्या चेकपॉइंटपासून (डिस्कवर साठवलेल्या टप्प्यापासून) पुन्हा सुरू व्हायचा. बॉइंकमधला ‘थांबलेला टास्क मेमरीत ठेवा’ हा पर्याय चालू केल्यावर ते मिटलं. तापमान मात्र ९० अंश. सीपीयू टाइम (प्रोसेसर किती वेळ वापरायचा ते) ५० टक्के केला तर प्रोसेसर सारखा चालू-बंद होतो, पंखा वरखाली. म्हणून टाइम १००, पण कोअर दोनच दिलेत. आता ७५ अंश.

खरी अडचण पुढे. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) फटींत चिकट, खारट थर बसतो, ब्लोअरने हलत नाही. किनाऱ्यावरची मंडळी तो कशाने काढता? आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश पुरतो का? थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णतावाहक लेप) किती महिन्यांनी बदलता?

आणि पावसात दोन-दोन दिवस वीज नसते, तेव्हा टास्क परत पाठवायची मुदत चुकू नये म्हणून कामाचा साठा किती ठेवता? माझा बॉइंकमध्ये किमान ०.१ दिवसाचा, वर जादा ०.५ दिवसाचा आहे.