मदत हवी आहे: बोलणं कमी आणि चोरीचं काम जास्त दिसेल असे सिनेमे-मालिका सुचवा (बाबांसाठी)

नमस्कार. प्रश्न माझ्या बाबांसाठी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबा ७६ वर्षांचे आहेत. एका राष्ट्रीयीकृत बँकेत ३६ वर्षं नोकरी केली, निवृत्त झाले तेव्हा हेड कॅशियर होते. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मशीन आहे, पण टीव्हीवरचं संगीत आणि बोलणं त्यातून एकदमच येऊन आदळतं, त्यामुळे बरंचसं ते समोरच्याच्या ओठांवरून समजून घेतात. इंग्रजी वाचता येतं, पण सबटायटल्सच्या वेगाने नाही. ओळ अर्धी वाचून होते तोवर दुसरी येते.

आणि या माणसाला आवडतात दरोड्याचे सिनेमे! हाणामारी नको, गोळीबार आला की उठून पाणी प्यायला जातात. पण तिजोरी, किल्ल्या, नकाशा, घड्याळ लावून केलेलं काम असलं की खुर्ची पुढे ओढून बसतात. त्यांच्या शाखेत स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या असायच्या, एक बाबांकडे आणि एक अधिकाऱ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. त्यामुळे पडद्यावर एकट्या माणसाने तिजोरी उघडली की त्यांचा पहिला प्रश्न, "दुसरी किल्ली कुठाय?"

दर शनिवारी रात्री आम्ही दोघं बसतो. आतापर्यंत काय पाहिलं आणि काय जमलं ते सांगते, म्हणजे सुचवायला सोपं जाईल.

'मनी हाइस्ट' हिंदीत लावली. कल्पना त्यांना इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी आईला सगळी गोष्ट सांगत होते. दुसऱ्याचे पैसे चोरायचेच नाहीत, स्पेनच्या टांकसाळीत शिरून नव्या नोटा छापायच्या आणि जितका वेळ आत राहू तितकी कमाई. छापखान्याचा प्रसंग चालू असताना माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. उजवा अंगठा गुडघ्यावर हलत होता, नोटा मोजताना हलतो तसा. मध्येच तो अंगठा डावीकडे जायचा. काउंटरवर पाण्याचा स्पंज डावीकडे असायचा म्हणे.

पण तिसऱ्या भागापासून गाडी अडली. "आवाज वाढव," "वाढवलाय बाबा," असं दोन-तीनदा झालं. मग म्हणाले, "अगं, तोंड एक हलतंय आणि शब्द भलतेच येतायत." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते ओठ वाचत होते, आणि स्पॅनिश ओठांवर हिंदी शब्द बसणार कसे? त्यात निम्मा वेळ सगळ्यांच्या तोंडावर स्पॅनिश चित्रकार दालीच्या चेहऱ्याचे मुखवटे. इतकी वर्षं एका घरात राहून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

'लुपिन' या फ्रेंच मालिकेचा पहिला भाग मात्र जमला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात सफाई कामगार म्हणून शिरलेला नायक, आणि त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. बाबा म्हणाले, "बरोबर आहे. आमच्याकडे झाडूवाली बाई स्ट्राँगरूमच्या दारापर्यंत जायची, तिला कोण अडवणार?" पुढच्या भागांत बोलणं वाढलं आणि ते मागे पडले. 'ओशन्स इलेव्हन' (२००१चा) अर्ध्यावर सोडला. अकरा जण, सगळे भराभर बोलणारे.

सगळ्यात रंगला तो 'स्पेशल २६'. हिंदीच असल्यामुळे ओठ जुळतात. शिवाय मूळ घटना त्यांना चांगली आठवते. १९ मार्च १९८७ला मुंबईत ऑपेरा हाउसच्या जवाहिऱ्याच्या पेढीवर सीबीआयची खोटी धाड पडली. त्या भामट्याने पेपरात जाहिरात देऊन, ताजमध्ये मुलाखती घेऊन माणसं नेमली होती आणि त्या बिचाऱ्यांना आपण खरंच सरकारी कामावर आलोय असं वाटत होतं. बाबांच्या शाखेत त्यानंतर कितीतरी दिवस, कोणी तपासणीला आलं की आधी त्याच्या हेड ऑफिसला फोन जायचा.

'फर्जी'सुद्धा पूर्ण पाहिली. अमोल पालेकर दिसले की बाबा खूश, कारण पालेकरही सिनेमात येण्याआधी बँकेत होते. खोट्या नोटेसाठी कागद, वॉटरमार्क, सुरक्षा धागा यांवर नायक मेहनत घेतो ते प्रसंग आम्ही मागे नेऊन दोनदा पाहिले. शिव्या आल्या की मी खिडकीबाहेर बघत होते.

तर दोन प्रश्न आहेत. एक, ज्यात डोळ्यांनी गोष्ट कळेल असं काय आहे? भाषा कुठलीही चालेल, जुनं चालेल, कृष्णधवलही चालेल. दोन, टीव्हीच्या सेटिंगमध्ये काही करता येतं का? घरात असं कोणी असेल तर तुम्ही काय केलंत ते नक्की सांगा.

प्रतिसाद १

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण माझ्या सासूबाईंसाठी हे सगळं करून झालंय. नेटफ्लिक्सवर ऑडिओच्या यादीत ५.१ (जास्त स्पीकर असलेल्यांसाठीचा आवाज) आणि साधा असे दोन पर्याय दिसत असतील तर साधा घ्या. टीव्हीला दोनच स्पीकर असले की ५.१मध्ये बोलणं दबतं. टीव्हीच्या साउंड मोडमध्ये बोलणं पुढे आणणारा पर्याय असतो, वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात. 'स्टँडर्ड' सोडून एकेक लावून बघा. सबटायटल्सचा आकार आणि मागची काळी पट्टी खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बदलता येते. आणि हिंदी सिनेमाला हिंदीच सबटायटल्स मिळाली तर लावा. ओठ आणि अक्षरं एकमेकांना सांभाळून घेतात. सासूबाईंना देवनागरी बरीच भरभर वाचता येते.

कानांच्या मशीनला ब्लूटूथ आहे का ते ऑडिओलॉजिस्टना विचारा. टीव्हीला जोडायची छोटी डबी मिळते, आवाज थेट कानात येतो. आमच्याकडे त्याने सगळ्यात जास्त फरक पडला.

प्रतिसाद २

१९६७चा 'ज्वेल थीफ' आणि १९७२चा 'व्हिक्टोरिया नंबर २०३' बाबांनी थिएटरात पाहिलेच असतील, पण परत दाखवा. पाठ असलेल्या सिनेमात ऐकू येण्याची अडचण निम्मी होते.

'मनी हाइस्ट'बद्दल माझं मत वेगळं आहे. बाबांचं काही चुकलं असं मला नाही वाटत. टांकसाळीची गोष्ट पहिल्या दोन सीझनमध्ये पूर्ण होते, तिथेच थांबायला हवं होतं. पुढे बँक ऑफ स्पेनमध्ये सोनं वितळवणं आहे, ते बघण्यासारखं आहे, पण त्याभोवती गोळीबार आणि रडारड फार.

प्रतिसाद ३

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लॉगिन केलं. बाबांना 'रिफिफी' दाखवा. फ्रेंच, कृष्णधवल, १९५५चा. दिग्दर्शक ज्यूल्स दासँ हा खरं तर अमेरिकन. कम्युनिस्ट म्हणून हॉलिवूडने काळ्या यादीत टाकलं, काम मिळेना, म्हणून युरोपात गेला आणि कमी पैशांत हा सिनेमा केला. फ्रान्समधल्या कान (Cannes) चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं.

त्यात पॅरिसमधल्या जवाहिऱ्याच्या दुकानावरचा दरोडा आहे. जवळजवळ अर्धा तास. त्या अर्ध्या तासात एक शब्द नाही, संगीतही नाही. संगीतकार जॉर्ज ऑरिक यांनी या प्रसंगासाठी संगीत तयार केलं होतं. दासँने त्यांना तो प्रसंग संगीतासह आणि संगीताशिवाय, दोन्ही तऱ्हांनी दाखवला आणि ऑरिक स्वतःच म्हणाले की ते काढून टाका.

चौघं वरच्या मजल्यावरच्या घरातून जमीन फोडून खाली उतरतात. कसं ते सांगत नाही, एक छत्री आहे एवढंच सांगतो. खालच्या धोक्याच्या घंटीचं काय करतात तेही बघा. त्या चौघांतला तिजोरी फोडणारा इटालियन म्हणजे स्वतः दासँ.

एक सूचना. दरोड्याच्या आधी आणि नंतर बोलणं आहे, आणि शेवटच्या भागात मारामारी आणि क्रूरपणा आहे. एका बाईला पट्ट्याने मारण्याचा प्रसंग सुरुवातीलाच आहे, तो पुढे ढकला. आधी तुम्ही एकट्या बघा, गोष्ट बाबांना मराठीत सांगा आणि मग दरोडा दोघं मिळून बघा.

प्रतिसाद ४

दासँचाच 'तोपकापी' (१९६४) रंगीत आहे. इस्तंबूलचं संग्रहालय, रत्नजडित खंजीर, आणि छतावरून दोरीने खाली सोडलेला माणूस. जमिनीला पाय लागला तर घंटा वाजते. पुढे कितीतरी सिनेमांनी हे उचललं. हसायचं असेल तर मोनिचेल्लीचा इटालियन 'बिग डील ऑन मॅडोना स्ट्रीट' (१९५८) बघा. त्यात बोलणं भरपूर आहे, पण शेवटची चोरी डोळ्यांनीच कळते.

मूळ प्रश्नकर्तीचं उत्तर, आठ दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. ५.१ बदलून साधा आवाज लावला, त्याने खरंच फरक पडला. मशीनला ब्लूटूथ नाही, ते पुढच्या तपासणीच्या वेळी विचारणार आहे.

'रिफिफी' सांगितल्याप्रमाणे आधी एकटीने पाहिला. शनिवारी जेवणाच्या ताटावर बाबांना तिथपर्यंतची गोष्ट सांगितली, माणसं चार, कोण कोणाचा काय, दुकान कुठलं. मग थेट दरोड्यापाशी लावला.

छिद्र पडलं आणि त्यातून मिटलेली छत्री खाली गेली, तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. ती खाली उघडली आणि वरून पडणारा चुना तिच्यात जमायला लागला, तसे ते हसले आणि त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. घंटीत आग विझवायच्या नळकांड्यातला फेस भरला तेव्हा मान हलवली. तिजोरीचं काम सुरू झाल्यावर मी त्यांच्याकडे बघितलं, तर मशीन काढून टीपॉयवर ठेवलं होतं. कधी काढलं ते मला कळलंसुद्धा नाही. मीही रिमोट घेऊन आवाज पूर्ण बंद केला आणि उरलेला दरोडा आम्ही तसाच पाहिला.

संपल्यावर म्हणाले, "ही माणसं सारखी एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत, बघितलंस? आम्ही संध्याकाळी कॅश टॅली करताना असंच असायचं. कोणी बोलायचं नाही. बोललं की आकडा चुकला." मग १०० नोटांची गड्डी टाचणी न काढता कशी मोजायची ते त्यांनी वर्तमानपत्राचे तुकडे करून मला दाखवलं. रात्रीचे पावणेबारा झाले होते, आईने येऊन दिवा घालवला.

छत्रीचा भाग काल परत पाहिला. या शनिवारी 'तोपकापी' लावतेय. त्यात चोरीच्या आधी बोलणं किती वेळ चालतं, आणि कुठून लावला तर चालेल, ते कोणी सांगू शकेल का?