मदत हवी आहे: स्काय बेटावर काम आणि भटकंती, पोर्ट्री की स्टाफिन?

नमस्कार मंडळी. मी ठाण्याची, ऑफिस ऐरोलीला. जूनमध्ये तीन आठवडे स्कॉटलंडच्या स्काय बेटावर राहून काम करायचा बेत आहे. साहेबांचा होकार कसाबसा मिळवलाय.

आपली दहा ते सातची ड्युटी तिकडे पहाटे साडेपाच ते दुपारी अडीच होते. उठायचा त्रास आहे, पण ठाण्याहून ७:१२ची लोकल पकडणारीला काय त्याचं! शिवाय तिकडे जूनमध्ये सूर्य रात्री दहानंतर मावळतो, म्हणजे ओल्ड मॅन ऑफ स्टॉर, क्विराइंग हे डोंगरातले ट्रेक कामानंतरही होतील.

अडलंय ते राहण्यावर. पोर्ट्रीत दुकानं, बस हाताशी. स्टाफिनचा किनारा जास्त सुंदर, पण तिथलं वायफाय दिवसभराचे व्हिडिओ कॉल झेपवेल का? गाडी घ्यावीच लागेल का? एकाच गाडीपुरते अरुंद रस्ते आहेत म्हणे, समोरून गाडी आली की बाजूच्या जागेत थांबायचं. घोडबंदरला चालवते, तरी धाकधूक आहे.

व्हिजिटर व्हिसावर आपल्या इथलं काम तिथून करता येतं, फक्त तो प्रवासाचा मुख्य हेतू नको, असं नियमात वाचलं. अर्जात हे कसं लिहिलंत?

आणि मिजेस नावाच्या चिलटांवर ओडोमॉस चालतं का?